तिसऱ्या मजल्यावरचा आखाडा

"टेप आत जाऊ दे. तू न्हाई," नाना वस्ताद म्हणाले.

मी चाफेकट्टा तालमीच्या दारात उभी होते. एका हातात टेप, दुसऱ्या हातात कागद लावलेलं पॅड. ते दार इतकं बुटकं आहे की आत जाणारा कितीही नावाजलेला पैलवान असो, त्याला वाकावंच लागतं. उंबऱ्यापलीकडे दगडी पायऱ्या खाली अंधारात जातात आणि तिथून ताक, तेल, हळद आणि लाल माती यांचा मिळून एक गार वास वर येतो. त्या वासाच्या शेजारी मी लहानाची मोठी झाले. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि तालमीची भिंत एकच. पण त्या पायऱ्या मी कधी उतरले नव्हते. आत मारुती आहे, मारुती ब्रह्मचारी आहे, म्हणून तालमीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, असा नेम होता. तो कुणी केला हे कुणालाच सांगता यायचं नाही, आणि मोडावा असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

"मग मापं कोण घेणार, नाना?"

"पोरं घेत्यात की. तू हितनं हुकूम सोड."

मग मी उंबऱ्याबाहेर बसून हुकूम सोडू लागले. आत दोन पैलवान पोरं टेपची दोन टोकं धरून होती. मी पश्चिमेच्या भिंतीची लांबी विचारली की आतून उत्तर यायचं, "टेप सपली." ताणून धरा म्हटलं की असे ताणायचे, जणू समोर जोडीदारच उभा आहे. शेवटी मी हौद्याची खोली विचारली. हौदा म्हणजे कुस्तीची माती असते तो खोलगट भाग. आत जरा कुजबुज झाली आणि आवाज आला, "कंबरेएवढा."

"कुणाच्या कंबरेएवढा?"

पुन्हा कुजबुज. "शंकऱ्याच्या."

नाना दाराशेजारच्या दगडावर बसून पोट धरून हसत होते. मी पॅड मिटलं आणि वैतागून म्हणाले, "राहू दे. मी संध्याकाळी परत येते."

"येते?" नानांची भुवई वर गेली. "पुण्यासनं 'येते' घिऊन आलीस व्हय गं, वैजा?"

आमच्या कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. सासूही बोलते आणि सूनही. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी शिकायला आणि मग नोकरीला पुण्यात राहिले, तिथं मैत्रिणींनी हसून हसून माझं 'येतो' सोडवलं. नानांना ते बरोबर खटकलं. मी गाल फुगवून घरी गेले.

या गोष्टीला आता पंधराएक वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पुण्यात जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत काम शिकून मी नुकतीच घरी परतले होते आणि आपल्याला सगळं येतं, अशी माझी खात्री होती. अजूनही आहे, फक्त तेव्हा ती जरा मोठ्यानं बोलायची.

शहर त्या वर्षांत चारी अंगांनी फुगत होतं. हायवेच्या बाजूला जिथं ऊस होता तिथं इमारती उभ्या राहिल्या, आणि मग बिल्डरांची नजर आत पेठांकडे वळली. आमचा चौक म्हणजे मधोमध चाफा, चाफ्याला दगडी कट्टा, एका अंगाला तालीम आणि बाकी तिन्ही अंगांना एकमेकींच्या भिंतींना टेकून उभी असलेली सात कौलारू घरं. बिपीन मगदूम नावाच्या बिल्डरनं या सगळ्याच्या जागी एक उंच इमारत काढायचं ठरवलं होतं. खाली दुकानं, त्यावर गाड्या लावायला दोन मजले, तिसऱ्या मजल्यावर तालीम आणि वर फ्लॅट. चौकातल्या प्रत्येकाला एकेक फ्लॅट. मगदूम काही वाईट माणूस नव्हता. घरोघरी येऊन चहा प्यायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा आणि नकाशावर ज्याचं त्याचं स्वयंपाकघर दाखवायचा. माझ्या आईला तर त्यानं घरातल्या घरात संडास-बाथरूम दाखवून पार खिशात घातलं होतं.

माझं म्हणणं वेगळं होतं. घरं दुरुस्त करता येतात. चौकाखालून नवी गटार टाकता येते, प्रत्येक घराला मागून बाथरूम जोडता येतं, तालमीमागच्या पडक्या गोठ्याच्या जागेत गाड्या लावता येतात. चौक तसाच राहतो आणि माणसंही. आई म्हणाली, "बाथरूम नक्की हुतंय न्हवं? मग चाफा ठेव न्हाईतर आंबा लाव, मला काय." पण बाकीच्यांपुढे एक मोठी अडचण होती. मगदूमच्या इंजिनिअरनं तालमीची पश्चिमेची भिंत आतून पोकळ झाली आहे, कधीही बसेल, असं लिहून दिलं होतं. ती भिंत पडली तर चौकातली तीन घरं तिच्याबरोबर जाणार, त्यात आमचंही. भिंत खरंच कशी आहे ते मी आत जाऊन, हात लावून, ठोकून पाहिल्याशिवाय माझ्या नकाशाला कागदापेक्षा जास्त किंमत नव्हती. आणि रविवारी कट्ट्यावर बैठक होती. तिथं काय ते ठरणार आणि सोमवारी मगदूमशी करार होणार.

भिंतीची काळजी होती, पण नानांची नव्हती. सगळा चौक एका बाजूला गेला तरी नाना वस्ताद माझ्या बाजूला असतील, असं मी धरूनच चालले होते. ज्या माणसानं सगळं आयुष्य त्या मातीत काढलं, पहाटे अंघोळीच्या आधी जो मातीला ताक पाजतो, तो ती माती सोडून तिसऱ्या मजल्यावर कशाला जाईल? आणि तालीम ज्यांच्या हातात होती ती सगळी माणसं नानांच्या हाताखालून गेलेली. नाना 'नाही' म्हणाले असते तर मगदूमनं गाशा गुंडाळला असता.

त्या संध्याकाळी मी पुन्हा गेले. नाना कट्ट्यावर बसले होते. मी नकाशा उलगडला आणि बोलत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशा नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चांगलं काढलंयस. पण मगदूम म्हणतोय तेच बरं हाय."

मला काही क्षण कळेनाच. "तिसरा मजला?"

"व्हय. माझं गुडघं आता चालत न्हाईत. लिफ्ट हाय तिथं."

मी म्हटलं, गुडघ्यांसाठी इथल्या पायऱ्यांना कठडा लावू. तर म्हणाले, पोरांना गरम पाणी मिळेल. ते इथंही देता येतं म्हटलं, तर म्हणाले की आता दिवस गादीचे आले, मातीतल्या कुस्तीला बाहेर कोण विचारतं? हे बाकी खरं होतं. स्पर्धा गादीवर होऊ लागल्या होत्या. पण तेही मी सोडवलं, पलीकडच्या खोलीत गादी टाकता येईल म्हणून. मी एक कारण खोडलं की ते दुसरं काढत होते. कुस्तीत समोरच्याला दमवायचं असलं की पैलवान असं करतो हे मला ठाऊक होतं, पण नाना बोलण्यात कधी असं करत नसत. एरवी ते एका शब्दात सांगून मोकळे व्हायचे.

"आणि मारुती?" मी विचारलं.

 ते चाफ्याकडे बघत म्हणाले, "त्याला खालीच देऊळ बांधू. वर न्यायचा न्हाई."

मारुतीला हात जोडल्याशिवाय ज्यांनी कधी एक बैठक मारली नाही, ते हे म्हणत होते. मला राग आला आणि वाईटही वाटलं. म्हातारपणी माणूस लिफ्टसाठी देव खाली ठेवून निघाला, असं मनात आलं आणि मी उठून घरी गेले.

नानांची नात मैना त्यांच्याजवळच राहायची. तिचे वडील फौजेत, आई घरी शिवणकाम करायची. पोरगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. रोज सकाळी नानांसाठी दुधाचा तांब्या घेऊन ती तालमीच्या उंबऱ्यापर्यंत यायची, तांब्या आत सरकवायची आणि मग परत जायचीच नाही. दाराच्या चौकटीला टेकून, पायांची बोटं बरोबर उंबऱ्याच्या बाहेर ठेवून ती आतली लढत बघायची. बघायची म्हणजे ओरडायची. "शंकऱ्या, मान वर! मान पाडलीस की गेलास!" आणि शंकऱ्या, दाराएवढा आडवा गडी, निमूट मान वर करायचा. नाना आतून कधी तिला हाकलायचे नाहीत आणि कधी तिच्याकडे बघायचेही नाहीत.

शनिवारी सकाळी मी बाहेरून भिंतीचा गिलावा बघत होते तेव्हा ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"वैजाक्का, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जायाचं?"

"हो," मी तुटकपणे म्हटलं.

"लिफ्टनं कुणीबी जाऊ शकतंय न्हवं?"

मला वाटलं, पोरीला लिफ्टमधून खालीवर करायची हौस. मी म्हटलं, हो, कुणीही. ती खूश झाली आणि गंमत म्हणून तिनं माझं मनगट धरलं, सोडवून दाखव म्हणाली. मला सोडवता येईना. मी हसत होते, ओढत होते, पण ती पकड सुटत नव्हती. मग तिनंच सोडलं आणि उड्या मारत घरी गेली. माझ्या मनगटावर तिची बोटं बराच वेळ लाल दिसत होती आणि मी शहाणी, आपल्या भिंतीच्या विचारात.

रविवारी सकाळी बैठक भरली. पुरुष कट्ट्यावर आणि सतरंज्यांवर, बायका आपापल्या घरांच्या पायऱ्यांवर. आईनं स्वतःहून सगळ्यांना चहा केला होता, म्हणजे तिला निकाल लवकर हवा होता. मगदूमनं चाफ्याच्या खोडाला इमारतीचं मोठं रंगीत चित्र टेकवलं. छान होतं चित्र. त्यात आमच्या चौकातलं कुणीच दिसत नव्हतं, फक्त गोऱ्यागोमट्या बायका छोटी कुत्री घेऊन फिरत होत्या. माझे चुलते आप्पा साळोखे तालीम मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला बोलायला सांगितलं.

मी गटार सांगितली, बाथरूम सांगितलं, गाड्यांची जागा सांगितली. लोक ऐकत होते. मग भिंतीचा विषय निघाला तेव्हा मी खरं ते सांगितलं, की बाहेरून जेवढी दिसली तेवढी भिंत मला चांगली वाटते, आतून मी पाहिलेली नाही. त्याबरोबर लोकांत चुळबुळ झाली. पकड ढिली पडतेय असं मला वाटलं आणि मी जे तयारीत नव्हतं ते बोलून गेले.

"भिंतीचं बाजूला ठेवा. मला एवढंच सांगा, आपण आखाड्यात काय करतो? आखाड्यात उतरतो. आजवर कुणी आखाड्यात चढल्याचं ऐकलंय कुणी? उद्या पेपरात काय छापून येणार, चाफेकट्ट्याचा मल्ल आखाड्यात चढला?"

हशा पिकला. पायऱ्यांवरच्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. खुद्द मगदूम हसला. आप्पांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "ह्ये बाकी खरं हाय." बैठक माझ्या बाजूला कलली, हे मला स्पष्ट जाणवलं.

तेवढ्यात नाना उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"मी चढीन," ते म्हणाले.

एवढंच बोलून ते खाली बसले. हसू जिथल्या तिथं विरलं. वस्तादच चढायला तयार असतील तर बाकीच्यांनी काय बोलायचं? आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आपण हरलो हे मला कळलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपायी हरले असते तर चाललं असतं. नानांच्या हातून हरायचं, हे सोसेना.

मगदूमला आता उत्साह आला होता. तो चित्रावर बोट ठेवून सांगू लागला की तिसऱ्या मजल्यावरचा हॉल अगदी नवा कोरा, गादीचा, तिथले नियम मंडळानं नव्यानं ठरवावेत, आणि वस्तादांच्या खास इच्छेनुसार मारुतीचं मंदिर तळमजल्यावरच राहील.

नव्यानं ठरवावेत. मारुती खाली. लिफ्टनं कुणीबी.

मी मैनाकडे पाहिलं. ती तालमीच्या चौकटीला टेकून उभी होती, पायांची बोटं उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीसारखी. मग मी नानांकडे पाहिलं. ते चित्राकडे बघतच नव्हते. ते तिच्या पायांकडे बघत होते.

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. नानांना लिफ्ट नको होती, गरम पाणी नको होतं. मारुतीचा नेम स्वतःच्या तोंडानं मोडायची त्यांची छाती होत नव्हती, म्हणून ते जिथं मारुती नाही आणि नेमही नाही अशी जागा शोधत होते. त्या जागेसाठी ते आपली माती सोडायला निघाले होते, सात घरांसकट. पोरीच्या एका पावलासाठी अख्खा चौक पाडायचा, हा हिशेब फक्त आमच्या पेठेतला माणूसच करू जाणे. आणि तो मला इतका आवडला की माझा राग कुठल्या कुठं गेला.

आता बोलून उपयोग नव्हता. हे सगळ्यांसमोर बोलले असते तर नानांची मान खाली गेली असती. मी टेप उचलली आणि चालत तालमीच्या दाराशी गेले. चपला काढल्या.

"कुठं चाललीस?" आप्पांनी विचारलं.

"भिंत बघाय," मी म्हणाले. "मी उतरतो."

पुण्यानं सोडवलेला शब्द आपसूक तोंडात आला. आमच्या पेठेत तोंडानं सगळ्याच बायका 'उतरतो' म्हणत आल्या होत्या, पण तिथं उतरली एकही नव्हती. मी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, वाकले आणि आत गेले.

मी घाबरले होते. पायऱ्या पायांना गार लागत होत्या. कौलातल्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी हौद्यावर पडली होती आणि समोरच्या कोनाड्यात शेंदरानं भरलेला मारुती माझ्याकडे सरळ बघत होता. मागे बाहेर एकदम गलका झाला आणि तसाच एकदम थांबला. मी मातीत पाय ठेवला. घोट्यापर्यंत आत गेला. इतकी मऊ माती मी कधी पायाखाली घेतली नव्हती. मी वाकून चिमूटभर कपाळाला लावली, कारण नाना पोरांना तसं करायला लावतात हे मी बाहेरून हजारदा ऐकलं होतं. मग आवाज चढवून हाक मारली.

"मैना! टेपचं दुसरं टोक धराय माणूस पायजे. ये."

दाराच्या उजेडात तिची सावली उभी राहिली. ती आत येईना. तिनं मागे वळून बघितलं, आणि मला माहीत होतं ती कुणाकडे बघतेय. सगळा चौक त्याच माणसाकडे बघत असणार. कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणालं, "वस्ताद, आवरा की पोरीस्नी. मारुती हाय आत."

 मी टेपचं टोक हातात धरून उभी होते. नाना आता 'ये हिकडं' म्हणाले असते तर मैना परत गेली असती आणि मला कधीच माफी मिळाली नसती. पाडापाडी तर झालीच असती.

नानांचा आवाज आला तेव्हा तो आखाड्यातला होता, पोरांना डाव सांगतानाचा. "टोक धराय माणूस लागतंयच की. जा." आणि मैना वाकली तेवढ्यात लगेच, "अगं, आधी माती कपाळाला लाव. तशीच काय जातीयास?"

ती पायऱ्या उतरली नाहीच. तिनं वरच्या पायरीवरून थेट हौद्यात उडी मारली. कपाळाला माती लावता लावता तिनं गालाला, हनुवटीलाही लावून घेतली. मी तिच्या हातात टोक दिलं. ती भिंतीकडे गेली आणि तिनं टेप अशी सरळ, नेटकी धरली की मला पहिल्यांदा त्या तालमीचं खरं माप मिळालं.

"खोली किती?" मी विचारलं, नुसतं गंमत म्हणून.

तिनं हौद्याच्या काठाला उभं राहून बघितलं. "माझ्या छातीएवढी," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. बाहेर लोकांना वाटलं असणार भिंत गेली.

भिंत मात्र गेली नव्हती. मंडळानं मागे कधीतरी कौतुकानं जुन्या चुन्याच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. आपल्याकडे कुठल्याही जुन्या गोष्टीवर प्रेम आलं की आधी तिला सिमेंट लावतात. त्या सिमेंटनं ओल आत कोंडली आणि गिलावा फुगला. ठोकलं की तो पोकळ वाजायचा आणि मगदूमच्या इंजिनिअरनं तेवढंच ऐकलं. मी बाहेरून हातोडी मागवून तिच्या दांड्यानं एक फुगवटा पाडला. मागून काळा दगड दिसला, चुन्यात घट्ट बसलेला. आणखी दोन-तीन जागी पाहिलं, सगळीकडे तसाच.

पुढे दोन वर्षं त्या चौकात काम चाललं. सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, गटार टाकली, घरांना मागून बाथरूम जोडली, आईच्या घराला सगळ्यांत आधी. गोठ्याच्या जागेतलं काम मगदूमनंच घेतलं, आणि नंतर दुसऱ्या एका पेठेतली जुनी घरं दाखवायला तोच मला गाडीतून घेऊन गेला. आता मी तेच करते. लोक नकाशा बघायला बोलावतात तेव्हा मी आधी तिथल्या बायकापोरांना विचारते की या जागेत तुम्हाला कुठं जाता येत नाही. तिथूनच काम सुरू करते. मैना बाहेरच्या स्पर्धांत गादीवर खेळते, जिंकतेही, पण मेहनत करायला अजून त्याच मातीत येते. तिच्याबरोबर आता शेजारच्या गल्ल्यांतल्या पोरी असतात. दार आम्ही मुद्दाम तसंच बुटकं ठेवलं. पोरींनाही वाकावं लागतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी नाना आत आले तेव्हा मी आणि मैना मातीत उभ्या होतो, दोघींची तोंडं लाल. गुडघे दुखतात म्हणणारा तो माणूस कशाचाही आधार न घेता पायऱ्या उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीपाशी जाऊन उघड्या पडलेल्या दगडावर त्यांनी तळवा टेकवला.

"कशी हाय?"

"ठणठणीत हाय, नाना. आणखी शंभर वर्षं बघाय नको."

त्यांनी मान हलवली. मग वर दाराकडे बघून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मगदूम साहेब, तुमचं चित्र झ्याक हाय. पण तिसऱ्या मजल्यावर आता माझं काय काम ऱ्हायलं न्हाई."

दारात आप्पा वाकून उभे होते. त्यांच्या मागे आणखी डोकी, त्यांत पायऱ्यांवरून उठून आलेल्या बायकाही. आप्पांनी घसा खाकरला. जे सगळ्यांच्या मनात होतं ते कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि अध्यक्ष ते होते.

"वस्ताद, आन् मारुती?"

नानांनी कोनाड्याकडे पाहिलं. मग मैनाकडे पाहिलं. तिनं एव्हाना शंकऱ्यासारखी दोन्ही हातांनी माती घेऊन दंडांना चोळायला सुरुवात केली होती.

"हितंच ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "त्यालाबी व्हईल सवय."